एक सरबत, तीन देश

सरबत हा शब्द आपल्या मराठीत इतका मुरला आहे की तो बाहेरून आला असं सांगितलं तरी पटत नाही. लिंबाचं सरबत, कोकमाचं सरबत, वाळ्याचं सरबत. अरबीत 'शरिबा' म्हणजे पिणं. त्यापासून 'शरबत' झालं आणि त्याच धातूपासून 'शराब'ही झाली. पुढं हाच शब्द युरोपात गेला आणि तिथं त्याचं 'सिरप' झालं. मुरंबा हाही अरबी 'मुरब्बा'. गुलकंदाची गंमत वेगळीच आहे. त्यातला 'गुल' फारसी, पण 'कंद' म्हणजे आपल्याच संस्कृतातला 'खंड', साखरेचा खडा. तो इराणात, अरबस्तानात जाऊन आला आणि गुलाबाचा हात धरून परत आपल्या घरात शिरला. शब्दांना पारपत्र लागत नाही, ते असं.

आज ज्या सरबताविषयी सांगायचं आहे, त्याला मात्र पारपत्राचे सगळे प्रश्न भोगावे लागले. ते सरबत म्हणजे रूह अफ़ज़ा. गडद लाल रंगाची, फुलांच्या चित्रांच्या लेबलाची ती बाटली आपण सर्वांनी पाहिलेली असते. 'रूह' म्हणजे आत्मा, 'अफ़ज़ा' म्हणजे वाढवणारा. 'हौसलाअफजाई' या शब्दात तोच 'अफ़ज़ा' आहे. तेव्हा रूह अफ़ज़ा म्हणजे जीव सुखावणारं, प्राणाला उभारी देणारं. हे नाव पंडित दयाशंकर नसीम यांच्या 'गुलज़ार-ए-नसीम' या उर्दू मसनवीतल्या एका पात्रावरून घेतलं, असं सांगितलं जातं. नसीम हे लखनौचे काश्मिरी पंडित. त्यांनी उर्दूत काव्य लिहिलं आणि त्यातलं नाव दिल्लीच्या एका मुसलमान हकिमाच्या सरबताला मिळालं. मराठीत कविता लिहिणाऱ्या माझ्यासारख्या मुसलमानाला या गोष्टीचं अप्रूप वाटलं तर नवल नाही.

हे हकीम म्हणजे हकीम हाफ़िज़ अब्दुल मजीद. 1906 साली त्यांनी जुन्या दिल्लीत एक छोटा दवाखाना उघडला आणि त्याला नाव दिलं 'हमदर्द'. 'हम' म्हणजे सोबत आणि 'दर्द' म्हणजे दुःख. दुसऱ्याच्या दुःखात सामील होणारा, तो हमदर्द. औषध देणाऱ्या माणसाला यापेक्षा चांगलं नाव कुठलं?

त्यांची वैद्यकी युनानी. युनान म्हणजे ग्रीस. आपल्या 'यवन' शब्दाचं मूळही त्याच मुलखात सापडतं. बुकरात आणि जालिनूस, म्हणजे ज्यांना जग हिपोक्रेटिस आणि गेलन म्हणून ओळखतं, त्यांची विद्या अरबांनी जपली, इब्न सीनांनी वाढवली आणि मध्ययुगात ती हिंदुस्थानात रुजली. इथं तिनं इथल्या वनस्पती आपल्याशा केल्या. आयुर्वेदात जसे वात, पित्त, कफ, तसे युनानीत चार द्रव आणि माणसाचा 'मिज़ाज'. काही पदार्थ प्रकृतीनं उष्ण, काही थंड. आपल्या आजीनंही आंबा उष्ण आणि काकडी थंड हे याच चालीवर सांगितलेलं असतं. दिल्लीच्या उन्हाळ्यात 'लू' नावाचा झळांचा वारा वाहतो. त्या दिवसांत माणसं उष्माघातानं कोसळतात. तेव्हा थंड प्रकृतीच्या फळाफुलांचा आणि वनस्पतींचा एक पाक तयार करावा, असं हकीमसाहेबांनी मनात घेतलं. 1907 साली हे सरबत विक्रीला आलं. म्हणजे मुळात हे औषधच. चव आवडली म्हणून लोक ते तहानेलाही पिऊ लागले.

त्यात काय काय असतं? नेमकं प्रमाण कंपनीनं कधी सांगितलेलं नाही. पण घटकांची यादी प्रसिद्ध आहे. आपल्याकडे जिची भाजी करतात त्या घोळीच्या बिया, कासनी, मनुका, धणे, पाण्यातलं पांढरं कुमुद, पुदिना, वाळा, चंदन. फळांपैकी संत्रं, अननस, सफरचंद, कलिंगड यांची नावं येतात. भाज्यांत गाजर. आणि या सगळ्यांवर गुलाबाचा आणि केवड्याचा वास. फुलांचा वास पाण्यात उतरवायची रीत जुनी आहे. फुलं आणि पाणी मोठ्या भांड्यात तापवायचं, झाकणातून निघणारी वाफ नळीनं दुसऱ्या, थंड ठेवलेल्या भांड्यात न्यायची. तिथं तिचं पुन्हा पाणी होतं. त्या पाण्यात फुलाचा सुगंध उतरलेला असतो. यालाच आपण अर्क म्हणतो. गुलाबाचा अर्क म्हणजेच गुलाबपाणी. 'गुलाब' या शब्दाचा फारसी अर्थही तोच आहे. 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. फुलाचं नाव आपण त्याच्या पाण्यावरून ठेवलं.

आता एक साधा प्रश्न. फळाचा रस दोन दिवसांत आंबतो. मग सरबताची बाटली कपाटात महिनोन् महिने कशी टिकते? याचं उत्तर साखर. सरबतात शेकडा 65 च्या आसपास साखर विरघळलेली असते. एवढी साखर पाण्याला धरून ठेवते, जंतूंना वाढायला मोकळं पाणी उरतच नाही. उलट जंतूंच्या अंगातलंच पाणी साखर ओढून घेते. आपला मुरंबा, साखरांबा, गुलकंद टिकतो तो याच न्यायानं. हकीम मंडळींना हे रसायनशास्त्र पुस्तकात वाचायला मिळालं नव्हतं, पण पाक किती तारी झाला म्हणजे टिकतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

व्यापाराच्या दृष्टीनंही या पाकाचा मोठा फायदा आहे. तयार फळपेयाच्या डब्यात बहुतेक सगळं पाणीच असतं आणि कंपनी ते पाणी ट्रकमधून गावोगाव वाहून नेत असते. सरबताचं तसं नाही. पाणी गिऱ्हाइकाच्या घरचं, दूध त्याच्या घरचं, बर्फही त्याचाच. दर पेल्याला 30 मिलिलिटर धरलं तर पाऊण लिटरच्या बाटलीत 25 पेले होतात. घरात पंचवीस माणसं आली तरी एका बाटलीत पाहुणचार उरकतो. ज्या देशात फार थोड्यांच्या घरी शीतपेटी होती, त्या देशात हे सरबत घरोघर पोचलं, त्याचं हे एक मोठं कारण आहे.

आणखी एक कारण लेबल. 1910 साली मिर्ज़ा नूर अहमद नावाच्या चित्रकारानं फुलाफळांचं रंगीत लेबल तयार केलं. इतके रंग छापण्याची सोय तेव्हा दिल्लीत नव्हती. म्हणून ते मुंबईला पारशी मंडळींच्या बोल्टन प्रेसमध्ये छापून घेतलं गेलं. लखनौच्या पंडिताच्या काव्यातलं नाव, दिल्लीच्या हकिमाचा पाक आणि मुंबईच्या पारशाची छपाई. ज्याला वाचता येत नव्हतं तोही चित्र पाहून बाटली ओळखू लागला.

1922 साली हकीम अब्दुल मजीद वारले. थोरला मुलगा अब्दुल हमीद तेव्हा जेमतेम चौदा वर्षांचा होता. धाकटा मोहम्मद सईद दोन वर्षांचा. दुकान मोडून खावं अशीच ती वेळ. पण त्यांची पत्नी राबिया बेगम यांनी कारभार हातात घेतला. त्या काळातली परद्यातली बाई औषधांच्या कारखान्याचा हिशेब बघते आहे, हे चित्र डोळ्यांपुढं आणून बघा. कंपन्यांच्या इतिहासात संस्थापकाचं नाव ठळक अक्षरात असतं. इथं ती जागा राबिया बेगमलाही द्यायला हवी. थोरला मुलगा तिच्या हाताखाली शिकला, स्वतः हकीम झाला आणि त्यानं हमदर्दचा दवाखाना मोठ्या औषधशाळेच्या योग्यतेला नेला.

मग 1947 आलं. घरं फुटली, गावं फुटली. हे घरही त्यातून सुटलं नाही. थोरल्या अब्दुल हमीदांनी ठरवलं, दिल्ली सोडायची नाही. धाकटे सईद 1948 च्या जानेवारीत कराचीला गेले. त्यांचं वय तेव्हा अठ्ठावीस. तिथं त्यांनी जवळजवळ शून्यातून नवं हमदर्द उभं केलं. नाव तेच, सरबत तेच, बाटलीवरची फुलंही तशीच. पुढं ढाक्यातही शाखा निघाली. 1971 साली बांगलादेश स्वतंत्र झाला तेव्हा ती शाखाही वेगळी झाली आणि तिथल्या माणसांनी ती चालवली. अशा रीतीनं एका दवाखान्याच्या तीन संस्था झाल्या, तीन देशांत. फाळणीत जमिनी वाटल्या गेल्या, फौजा वाटल्या गेल्या, कचेऱ्यांतल्या खुर्च्या आणि टाइपरायटरही वाटले गेले. सरबताची कृती मात्र वाटता आली नाही. ती दोघांकडेही पूर्णच राहिली.

या गोष्टीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग यापुढं आहे. 1948 साली, म्हणजे धाकटा भाऊ निघून गेल्यावर काही महिन्यांतच, हकीम अब्दुल हमीदांनी दिल्लीचं हमदर्द वक्फ करून टाकलं. वक्फ म्हणजे काय? आपल्या मालकीची वस्तू कायमची लोककार्याला वाहून टाकणं. एकदा वक्फ केलं की ती वस्तू विकता येत नाही, वारसाहक्कानं वाटून घेता येत नाही. तिचा कारभार पाहणारा असतो मुतवल्ली. तो व्यवस्थापक असतो, मालक नसतो. आपल्याकडच्या धर्मादाय विश्वस्त संस्थेसारखंच हे. चांगला चाललेला धंदा, दोन पिढ्यांची मेहनत, आणि माणूस म्हणतो, हे माझं नाही. 1953 साली धाकट्या भावानं कराचीतलं हमदर्दही असंच वक्फ केलं. मधे सरहद्द होती, पण दोघांनी निर्णय एकच घेतला.

मग सरबताच्या पैशाचं झालं काय? 1962 साली दिल्लीत तुघलकाबादेला वैद्यकाच्या इतिहासाची संस्था निघाली. पुढच्या वर्षी युनानी महाविद्यालय निघालं. मिळकतीचा विनियोग नीट व्हावा म्हणून 1964 साली हमदर्द नॅशनल फाउंडेशन झालं. 1969 साली निज़ामुद्दीनला, मिर्झा ग़ालिबच्या मज़ारीशेजारी, ग़ालिब अकादमी उभी राहिली. तीही हकीमसाहेबांच्याच पुढाकारानं. राष्ट्रपती झाकिर हुसेन यांनी तिचं उद्घाटन केलं. हयातभर कर्जात बुडालेल्या त्या कवीच्या नावाची वास्तू एका औषधवाल्याच्या पदरच्या पैशानं उभी राहावी, हे ग़ालिबला कळलं असतं तर त्यानं नक्कीच एखादा खट्याळ शेर केला असता. 1989 साली या सगळ्या शिक्षणसंस्थांचं 'जामिया हमदर्द' हे अभिमत विद्यापीठ झालं. तिथं आज औषधनिर्माण, परिचर्या, वैद्यक शिकायला सगळ्या धर्मांची मुलंमुली येतात. विद्यापीठाच्या रुग्णालयाला हकीम अब्दुल हमीदांचं नाव आहे. भारत सरकारनं त्यांना 1965 मध्ये पद्मश्री आणि 1992 मध्ये पद्मभूषण दिली.

तिकडं कराचीत सईदांनी 1953 पासून मुलांसाठी 'नौनिहाल' हे मासिक चालवलं, 1991 मध्ये हमदर्द विद्यापीठ काढलं, काही महिने ते सिंधचे राज्यपालही होते. 17 ऑक्टोबर 1998 रोजी सकाळी त्यांच्या कराचीतल्या दवाखान्यापाशी मारेकऱ्यांनी त्यांना गोळ्या घातल्या. आयुष्यभर नाडी पाहत आलेला हा माणूस रोग्यांच्या दारातच गेला. नऊ महिन्यांनी, जुलै 1999 मध्ये, दिल्लीत थोरले हकीमसाहेबही वारले.

भाऊ गेले, व्यवहार राहिला. आणि व्यवहार म्हटला की अडचणी आल्याच. 2019 च्या मे महिन्यात ऐन रमजानमध्ये भारतात रूह अफ़ज़ा मिळेनासं झालं. उपवास सोडायच्या वेळी लोक दुकानोदुकानी विचारत फिरले. काही वनस्पतींचा पुरवठा कमी पडला, असं कंपनीनं सांगितलं. वृत्तपत्रांनी घराण्यातल्या वादाकडे बोट दाखवलं, कंपनीनं ते नाकारलं. तेव्हा पाकिस्तानातल्या हमदर्दच्या प्रमुखांनी जाहीरपणे सुचवलं, की परवानगी मिळाली तर वाघा सरहद्दीवरून आम्ही सरबताचे ट्रक पाठवतो. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत दोन्ही देश युद्धाच्या उंबरठ्यावर जाऊन आले होते. ट्रक काही आले नाहीत. पण सुचवणं झालं, हेही कमी नव्हे. इथला कारभारही पुढं औषधं आणि खाद्यपदार्थ अशा दोन विभागांत वेगळा झाला.

2022 साली उलटा प्रश्न आला. पाकिस्तानात बनलेलं रूह अफ़ज़ा ॲमेझॉनवरून भारतात विकलं जात होतं. दिल्लीचं हमदर्द न्यायालयात गेलं. बाटलीवर बनवणाऱ्याची नीट माहिती नसेल तर गिऱ्हाइकाची फसवणूक होते, असं मानून दिल्ली उच्च न्यायालयानं ती विक्री थांबवायला सांगितलं. कायद्यानं ते योग्यच. पण एका आईच्या दोन मुलांनी घडवलेल्या दोन बाटल्या न्यायालयात समोरासमोर आल्या, हेही खरं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात 'दिल अफ़ज़ा' नावाच्या दुसऱ्या एका सरबताला मनाई झाली. न्यायालयाचं म्हणणं असं, की 'दिल' आणि 'रूह' हे शब्द लोकांच्या तोंडी जोडीनंच येतात, त्यामुळे घोटाळा होऊ शकतो. हा मुद्दा कुठल्याही शायराला चटकन पटेल.

2025 च्या एप्रिलमध्ये प्रकरण शब्दांवरून शब्दांच्या विषापर्यंत गेलं. बाबा रामदेव यांनी आपल्या गुलाब सरबताची जाहिरात करताना, कंपनीचं नाव न घेता, म्हटलं की एका सरबताचा पैसा मशिदी आणि मदरशांकडे जातो. त्यासाठी त्यांनी 'शरबत जिहाद' असा शब्द वापरला. हमदर्द दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. हे बोलणं न्यायालयाच्या विवेकबुद्धीला धक्का देणारं आहे, असं न्यायमूर्तींनी सांगितलं. चित्रफिती काढून टाकाव्या लागल्या आणि पुन्हा असं बोलणार नाही अशी हमी द्यावी लागली. कायद्यापुरतं प्रकरण मिटलं. पण सरबताचा पैसा कुठं जातो, हा प्रश्न म्हणून वाईट नाही. तो प्रत्येक कंपनीला विचारावा. हमदर्दचं उत्तर वर दिलंच आहे. ते विटांनी बांधलेलं आहे, दिल्लीत जाऊन कुणालाही पाहता येतं.

आणि पिणारे कोण, हेही पाहावं. रमजानच्या संध्याकाळी मुंबईत मोहम्मद अली रोडवर हे सरबत असतं. दिल्लीत जामा मशिदीजवळ दूध, कलिंगडाचे तुकडे आणि हा लाल पाक घालून 'मोहब्बत का शरबत' विकतात. गुरू अर्जुनदेवांच्या शहीदी दिवशी, भर उन्हाळ्यात, शीख बांधव रस्त्यावर छबील लावतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हात जोडून गुलाबी थंड दूध पाजतात. मोहर्रमला सबील असते. निर्जला एकादशीला उत्तरेकडे स्वतः पाणीही न पिणारी माणसं दुसऱ्यांना सरबत वाटतात. आपल्या पाणपोईचेच हे सगळे भाऊबंद. तहानलेल्याला पाणी देणं हे पुण्य, सवाब किंवा सेवा आहे, याबद्दल धर्माधर्मांत वाद झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

सरबताची स्तुती करताना एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी. याला आज औषध समजून चालणार नाही. रंग त्यात घातलेला असतो, आणि साखर भरपूर असते. 30 मिलिलिटर पाकात साधारण 25 ग्रॅम साखर येते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घेतलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. म्हणजे एका पेल्यातच दिवसाचा हिशेब पुरा. मधुमेह असणाऱ्यांनी तर दुरूनच रंग पाहावा. बाकीच्यांनी पाक कमी आणि पाणी जास्त घालावं. चव फारशी बिघडत नाही.

शेवटी एक कालगणनेची गोष्ट. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे रमजान दर वर्षी तितका अलीकडे सरकतो. 2019 साली तो मे महिन्यात, भर उन्हात होता. 2026 साली फेब्रुवारीत सुरू झाला. 2030 मध्ये तर तो जानेवारीत एकदा आणि डिसेंबरात पुन्हा, असा दोनदा येईल. म्हणजे येती काही वर्षं उन्हाळ्याची तहान आणि रोज्याची तहान यांची गाठ पडणार नाही. कंपनीला तिचं उत्पादन आणि गोदामं त्याप्रमाणे आखावी लागतील. आता तिनं फळांच्या रसाची तयार पेयंही काढली आहेत. बाजार बदलेल तसं ती बदलेलच.

पण तीन देशांतली माणसं आजही एकाच नावानं हे सरबत मागतात. दिल्लीत, कराचीत, ढाक्यात दुकानदाराला सांगितलेला शब्द एकच असतो आणि त्यानं पुढं केलेली बाटलीही लाल असते. ज्यांनी हे उभं केलं, त्यांनी त्यावरची आपली मालकी आपल्याच हातानं सोडून दिली होती. आता ते कुणाचं, असं कुणी विचारलं, तर ज्याला तहान लागली त्याचं, एवढंच उत्तर मला सुचतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)